वरवंटा, खडीसाखर आणि ओपल

इंग्रजी कोशात ‘ओपल’ या रत्नाच्या नावाचं मूळ शोधायला गेलं, की मराठी वाचकाची कॉलर थोडी ताठ होते. इंग्रजीत हा शब्द लॅटिन ‘ओपालुस’वरून आला, लॅटिनमध्ये ग्रीक ‘ओपालिओस’वरून, आणि ग्रीक शब्दाचं मूळ बहुतेक कोशकार संस्कृत ‘उपल’मध्ये पाहतात. म्हणजे माल आपल्याकडचाच. मग उत्साहाने संस्कृत कोश उघडावा, तर ‘उपल’पुढे पहिलाच अर्थ दिलेला असतो : दगड. पोटात सातही रंग खेळवणाऱ्या रत्नाचं नाव, आणि अर्थ नुसता दगड!

बरं, दगड तरी कोणता? ‘उपला’ हे स्त्रीलिंगी रूप तर थेट दळणाकांडणातलं आहे. तैत्तिरीय संहितेत यज्ञाची दहा आयुधं मोजली आहेत. त्यांत सूप, उखळ, मुसळ यांच्या पंगतीला दृषद् आणि उपला ही जोडी बसते. पुरोडाशासाठी, म्हणजे यज्ञात वाहायच्या पोळीसाठी, तांदळाचं किंवा जवाचं पीठ करायचं ते या दोन दगडांमध्ये. खालचा रुंद तो दृषद्, वरून हाताने फिरवायची ती उपला. सरळ बोलायचं तर पाटा आणि वरवंटा. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलातलं ११२ वं सूक्त मोठं मजेचं आहे. पोटासाठी ज्याचा त्याचा उद्योग वेगळा, हा त्याचा विषय. कवी सांगतो की आपण स्तोत्रं रचतो, बाप वैद्यकी करतो आणि आई दळते. त्या आईला विशेषण लावलंय ‘उपलप्रक्षिणी’. ओपलच्या घराण्याची वंशावळ मागे नेत गेलं, तर ती राजाच्या मुकुटाशी न पोहोचता एका दळणाऱ्या बाईपाशी येऊन थांबते.

‘उपल’चा सख्खा भाऊ ‘उपर’. सोम ठेचताना खाली ठेवायचा दगड तो उपर. ‘उप’ म्हणजे जवळ, आणि ‘उपर’ म्हणजे त्याहून जवळचा, खालचा. त्याच कुळातला ‘उपरि’ मात्र वरच्या मजल्यावर गेला आणि प्राकृतातून येता येता झिजून मराठीत नुसता ‘वर’ उरला. आता वरवंट्यातला ‘वर’ तोच धरला, तर वरवंटा आणि ओपल एकाच आडनावाचे निघतात. मोह होतो खरा. पण शब्दांच्या बाबतीत एखादी गोष्ट इतकी सोयीची जुळली की दोन पावलं मागे सरकावं, हे बरं.

यज्ञातून बाहेर पडल्यावर ‘उपल’ सगळीकडे साध्या दगडासाठीच वापरलेला दिसतो. मेघदूतात विंध्याच्या पायथ्याशी रेवा ज्या दगडधोंड्यांतून फुटून वाहते, ते उपलच. सोनं घासून पाहायचा कसोटीचा दगड तो निकषोपल. आणि रत्नशास्त्रात काय? वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत रत्नपरीक्षेचा अध्याय लिहिला. तो सुरुवातीलाच खुलासा करतो की हत्ती, घोडा, स्त्री यांनाही त्यांच्या गुणांमुळे रत्न म्हणतात, पण इथे विषय आहे तो हिरा वगैरे ‘उपलरत्नांचा’. म्हणजे दगडातल्या रत्नांचा. पुढे तो बावीस नावं देतो : वज्र, इंद्रनील, मरकत, पद्मराग, वैदूर्य, गोमेदक, पुष्पराग, अगदी मोती आणि पोवळंसुद्धा. त्या यादीत ‘उपल’ नावाचं रत्न नाही. असेल कसं? ज्या शब्दाखाली सगळी यादीच येते, तो यादीतला एक कसा होईल?

मला वाटतं, ओपलच्या नावाची गोम इथे आहे, आणि ती कळायला मराठी माणसाला संस्कृत येण्याचीही गरज नाही. आपला ‘खडा’ घ्या. वाटेतला खडा पायाला टोचतो, वरणभातातला खडा दाताखाली येतो. तुरटीचा खडा असतो, हिंगाचा असतो, मिठाचा असतो. आणि सराफाकडे गेलं की ‘अंगठीत कोणता खडा बसवू?’ म्हणून विचारतात, तेव्हा तो हजारो रुपयांचाही असतो. ‘उपल’ हा संस्कृतातला नेमका असा शब्द. जातीचं नाव, व्यक्तीचं नव्हे. आता कल्पना करा की कुणी परका व्यापारी आपल्या बाजारात येतो, रंग खेळवणारा एक मणी हातात घेतो आणि ‘हे काय?’ म्हणून विचारतो. दुकानदार म्हणतो, ‘खडा आहे.’ परका आपल्या वहीत लिहून घेतो : या रत्नाला इथे ‘खडा’ म्हणतात. ग्रीकांच्या बाबतीत असंच काहीसं घडलं असावं, हा माझा अंदाज. दगडाला दगड म्हटलं आणि ऐकणाऱ्याने त्याचं बारसं उरकून घेतलं.

‘उपल’ मराठीच्या बोलण्यातून गेला, पण त्याची कामं कुणीतरी करणारच. निघंटूत, म्हणजे वैदिक शब्दांच्या जुन्या कोशात, मेघाच्या नावांमध्येही उपल दिला आहे. वैदिक माणसाला ढग आणि डोंगर यांत फारसं अंतर वाटत नसे. त्या ढगांतून पडतात त्या गारांना संस्कृतात ‘वर्षोपल’, ‘घनोपल’ असे शब्द आहेत, पावसातले दगड. हिंदीतला ‘ओला’ हा याच ‘उपल’चा झिजलेला अवतार. मराठीत ‘ओला’ भलताच झाला असता, म्हणून की काय, आपण दुसरा शब्द धरला : गार. पण गंमत पाहा, ‘गार’ म्हणजे आकाशातून पडणारा बर्फाचा गोळाही आणि ठिणगी पाडायचा पांढरा कठीण दगडही. गारगोटी ती हीच. म्हणजे संस्कृतात जी दोन टोकं ‘उपल’ने जोडली होती, ती मराठीत ‘गार’ने पुन्हा तशीच जोडली. भाषा बदलली तरी लोकांच्या डोळ्यांना गारा आणि गारगोट्या सारख्याच दिसत राहिल्या.

आणि गारगोटी म्हणजे मुख्यतः सिलिका. ओपलही सिलिकाच, फक्त तिच्यात पाणी मुरलेलं. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात, लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पुढे खनिजयुक्त पाणी झिरपून गारगोटी, अकीक, झिओलाइट यांचे थर जमले. त्यांच्या सोबतीने ओपलही सापडतो, पण तो साधा, पांढुरका, रंग न खेळवणारा. सिन्नरला याच पोकळ्यांतल्या खनिजांचं संग्रहालय आहे आणि त्याचं नाव ‘गारगोटी’ ठेवलंय. इतकं नेमकं नाव फार थोड्या संस्थांच्या वाट्याला येतं.

आता ‘उपल’चा जो अवतार महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक घरात आहे, पण कुणाच्या लक्षात येत नाही, त्याच्याकडे वळतो. लहान मुलाला खोकला झाला की मधात कालवून चाटवतात ते सितोपलादि चूर्ण. ‘सितोपलादि’ची फोड करा : सितोपला आणि आदि. सितोपला म्हणजे सित अधिक उपला, पांढरा दगड. हा पांढरा दगड म्हणजे खडीसाखर. (‘शर्करा’चा मूळ अर्थही वाळू, कंकर असाच, आपल्याकडे साखरेला दगडाच्या नात्यातूनच नावं मिळाली आहेत, आणि खडीसाखरेतली ‘खडी’ही त्याच पंथातली.) चरकाच्या चिकित्सास्थानात राजयक्ष्म्याच्या प्रकरणात हा योग येतो. प्रमाण लक्षात ठेवायला सोपं : खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलदोडा दोन आणि दालचिनी एक. प्रत्येक पुढचं द्रव्य आधीच्याच्या निम्मं.

शब्दाच्या दृष्टीने पाहिलं तर ओपलचा पूर्वज या चूर्णात पहिल्या क्रमांकावर आहे, साखर होऊन. पण खरा ओपल शोधायचा असेल तर दुसऱ्या क्रमांकाकडे पाहावं लागतं. वंशलोचन हे बांबूच्या पेरांत साचणारं द्रव्य. बांबू जमिनीतून सिलिका शोषतो, ती कधी कधी पेरातल्या पाण्यात साठते, आणि पाणी आटलं की पांढरे-निळसर खडे उरतात. स्फटिकाची शिस्त नसलेली, पाणी धरून राहिलेली सिलिका. ओपलची व्याख्या याहून वेगळी नाही. फक्त हा ओपल खाणीत न होता झाडात तयार होतो. (बाजारात वंशलोचन म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा कृत्रिम असतं, ही गोष्ट वेगळी.) वंशलोचनाचं एक जुनं नाव त्वक्‌क्षीरी, सालीचं दूध. ते फारसी-अरबीत ‘तबाशीर’ झालं आणि तिथून इंग्रजीत ‘टबाशीर’. मराठीत तेच नाव ‘तवकीर’ होऊन आरारूटसारख्या पांढऱ्या सत्त्वाला चिकटलं. डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८१९ मध्ये या टबाशीरच्या प्रकाशगुणांवर निबंध प्रसिद्ध केला. कोरडा असताना पांढरा दिसणारा हा खडा पुरता भिजला की पारदर्शक होतो, ही त्यातली नवलाची गोष्ट. हा गुण लक्षात ठेवा. तो पुढे सराफाच्या दुकानात उपयोगी पडणार आहे.

एकाच डबीत ‘उपल’ हे नाव एका द्रव्याकडे आणि ओपल हा पदार्थ दुसऱ्याकडे. तिथे त्यांची गाठ कुणी मुद्दाम घालून दिलेली नाही, म्हणून तर ती मला जास्त आवडते.

पण बांबूतला ओपल रंग खेळवत नाही, आणि दख्खनचाही नाही. मग रत्नातले रंग येतात कुठून? या कोड्याने सी. व्ही. रामन यांनाही पछाडलं होतं. त्यांनी आणि ए. जयरामन यांनी १९५३ मध्ये ओपलची रचना आणि त्याचे रंग यांवर निबंध प्रसिद्ध केला. निर्णायक चित्र मिळालं ते १९६४ मध्ये, ऑस्ट्रेलियात सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ओपल ठेवला तेव्हा. आत सिलिकाचे एकसारखे गोळे होते, फळवाल्याने संत्री रचावीत तसे रचलेले. गोळ्याचा व्यास साधारण १५० ते ३५० नॅनोमीटर, म्हणजे मोठे गोळे घेतले तरी एका मिलिमीटरच्या ओळीत तीन हजारांच्या आसपास मावावेत. या थरांवर प्रकाश पडला की विवर्तन होतं. लहान गोळे निळा रंग देतात, मोठे गोळे तांबड्यापर्यंत पोहोचतात, आणि खडा हातात फिरवला की कोन बदलतो आणि रंग जागा सोडतात. गोळे समान नसले किंवा रचना विस्कटलेली असली की रंग नाही, नुसता दुधाळपणा. निसर्गात बहुतेक ओपल असाच निघतो. ऑस्ट्रेलियातले खाणकामगार त्याला ‘पॉच’ म्हणतात आणि ढिगाऱ्यावर टाकून देतात.

त्यातही शब्दाने एक चूक करून ठेवली. विज्ञानात ‘ओपॅलेसन्स’ हा शब्द रूढ झाला तो रंगांच्या खेळासाठी नव्हे, तर या टाकाऊ दुधाळपणासाठी. दुधी काचेला ‘ओपल ग्लास’ म्हणतात तेही त्यामुळेच. तिच्यातले अतिसूक्ष्म कण प्रकाश विखुरतात, म्हणून ती पांढरी दिसते. आज घरोघर ‘ओपलवेअर’च्या पांढऱ्या ताटल्या-वाट्या आहेत. पाटा-वरवंटा माळ्यावर गेला आणि त्याच्या खापरपणतूने मांडणी पटकावली.

आता रोमकडे जाऊ. थोरल्या प्लिनीने इसवी सन ७७ च्या सुमारास लिहिलेल्या निसर्गइतिहासाच्या ३७ व्या, म्हणजे शेवटच्या खंडात ओपलचं वर्णन आहे. माणकाची धग, याकुंदाचा जांभळेपणा आणि पाचूचा हिरवा एकाच खड्यात, असं तो म्हणतो. नोनिअस नावाच्या सिनेटरची गोष्ट तोच सांगतो. याच्याजवळ हेझलनटएवढा ओपल होता, किंमत वीस लाख सेस्टर्स. मार्क अँटनीच्या तो डोळ्यांत भरला. खडा देऊन टाकला असता तर प्रकरण मिटलं असतं. पण नोनिअस हद्दपारी पत्करून गेला, आणि जाताना सगळ्या संपत्तीतून फक्त ती अंगठी घेऊन गेला. प्लिनी दोघांवरही चिडलेला आहे. शिकारी ज्या अवयवासाठी मागे लागलाय तो जनावरंसुद्धा तोडून टाकतात, असा त्याचा शेरा आहे. प्लिनीचा हा फटकळपणा मला नेहमी भावतो.

याच प्रकरणात त्याने म्हटलंय की ओपलची जननी एकटी हिंदभूमी. आणि लगेच पुढे, की या रत्नाची काचेतली नक्कल इतकी हुबेहूब करतात की फरक कळत नाही. जननीपद आणि बनावटगिरीची तक्रार एकाच दमात! वस्तुस्थिती अशी की भारतात प्राचीन काळी रंगीत ओपलच्या मोठ्या खाणी असल्याचा पुरावा नाही, आणि रोमनांचा ओपल आजच्या स्लोव्हाकियातून, प्रेशोव्हजवळच्या दुब्निकच्या डोंगरांतून आला असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. जुन्या हंगेरीतला हा प्रदेश. इथेच १७७५ च्या सुमारास सापडलेला ५९४ ग्रॅम वजनाचा ओपल आज व्हिएन्नाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे. मग हिंदुस्थानचं नाव का? लांबून आलेल्या मालाला भाव जास्त. पुढच्या काळातही हंगेरीचा ओपल व्यापारी तुर्कस्तानात नेत आणि ‘पौर्वात्य ओपल’ म्हणून युरोपात परत आणत, असं जुन्या रत्नग्रंथांत नोंदलेलं आहे. माल हंगेरीचा, पाटी पूर्वेची. या धंद्यात ‘उपल’ या परक्या, पूर्वेकडच्या वाटणाऱ्या शब्दाने पाटीचं काम चोख केलं असणार. त्याचा अर्थ ‘खडा’ आहे, हे गिऱ्हाइकाला सांगायची कुणाला गरज होती?

अर्थ हरवलेल्या शब्दाला लोक नवा अर्थ चिकटवतात. मध्ययुगीन युरोपात ओपलचं नाव ग्रीक ‘ऑफ्थाल्मोस’, म्हणजे डोळा, या शब्दात मिसळून ‘ऑफ्थाल्मिउस’ झालं. झालं म्हणजे पुढचं सगळं ओघाने आलं. अकराव्या शतकात रेनचा बिशप मार्बोद याने रत्नांवर काव्य रचलं. त्यात हा नेत्रमणी बाळगणाऱ्याची दृष्टी तीक्ष्ण होते आणि भोवतालच्यांची अंधुक होते. साहजिकच हा मणी चोरांचा कैवारी ठरला. तमालपत्राच्या जातीच्या पानात गुंडाळून बाळगला तर माणूस दिसेनासा होतो, अशीही भर पडली. एका चुकीच्या व्युत्पत्तीतून जादूचं शास्त्र उभं राहिलेलं पाहायचं असेल तर हे उदाहरण घ्यावं. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्थ नाइट’मध्ये विदूषक सरदाराच्या मनाला ओपल म्हणतो, तो मात्र डोळे उघडे ठेवून, खडा फिरवला की रंग बदलतो, तसा हा माणूस.

अपशकुनाचा शिक्का बराच उशिरा, १८२९ मध्ये बसला. वॉल्टर स्कॉटच्या ‘अ‍ॅन ऑफ गायरस्टाइन’ या कादंबरीत केसांत ओपल माळणारी एक गूढ सरदारीण आहे. तीर्थाचा थेंब त्या ओपलवर पडतो, तो एकदा लखकन चमकून निस्तेज होतो, आणि पुढे तिच्या जागी राख सापडते. कादंबरीतही ही ऐकीव कहाणी म्हणूनच येते, पण वाचकांनी ओपलचीच धास्ती घेतली. व्हिक्टोरिया राणीने ती जुमानली नाही. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात ईस्ट इंडिया कंपनीने भेट दिलेले हिंदी दागिने पाहून प्रिन्स अल्बर्टने तिच्यासाठी १८५३ मध्ये एक मुकुट रेखला. मुघल कमानी, कमळं आणि मधोमध ओपल. सुनेने, अलेक्झांड्रा राणीने, १९०२ मध्ये त्यातले ओपल अशुभ म्हणून काढून माणकं बसवली. सासूचा दागिना सुनेने मोडून करणं ही रीत तिकडेही आहे तर.

तोवर ऑस्ट्रेलियाची खाण उघडली होती. दक्षिणेतलं कूबर पेडी हे गाव १९१५ मध्ये सोनं शोधायला निघालेल्या टोळीतल्या चौदा वर्षांच्या पोराला ओपल दिसला म्हणून वसलं. नाव तिथल्या आदिवासी भाषेतलं. त्याचा प्रचलित अर्थ ‘बिळातला गोरा माणूस’. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून लोक खरोखरच जमिनीखाली घरं कोरून राहतात, देवळंही जमिनीखाली. तिथली भाषाही खाणीतून निघालेली. दुसऱ्यांनी उपसलेल्या ढिगाऱ्यात उरलेसुरले तुकडे वेचणं म्हणजे ‘नूडलिंग’, आणि रात्री दुसऱ्याच्या खाणीत उतरून माल पळवणं म्हणजे ‘रॅटिंग’, उंदीरगिरी. मार्बोदला हे ऐकून बरं वाटलं असतं.

आपल्याकडे ओपल परतला तो ज्योतिषाचं बोट धरून. शुक्रासाठी हिरा सांगतात. ज्याला तो परवडत नाही त्याला हल्ली ओपल सांगतात. नवरत्नांत जागा नाही, म्हणून उपरत्न. ‘उपल’ आणि ‘उपरत्न’ कानाला जवळचे वाटले तरी त्यांचा संबंध फक्त त्या ‘उप’पुरता. दुकानात आज जो ओपल दिसतो त्यातला पुष्कळसा इथिओपियाच्या वोलो प्रांतातला असतो. २००८ मध्ये तिथे मोठा साठा सापडला आणि जयपूरचे कारागीर तो कापू लागले. सोबतीला ‘ओपलाइट’ नावाची काचही मिळते, प्लिनीच्या तक्रारीला दोन हजार वर्षं होत आली तरी.

वोलोच्या या ओपलचा स्वभाव वंशलोचनासारखा आहे, तो पाणी पितो. भिजला की काचेसारखा पारदर्शक होतो आणि रंग दिसेनासे होतात. सुकायला कधी काही तास लागतात, कधी काही दिवस, आणि मग बहुधा रंग परत येतात. पाण्यापुरतं हे ठीक, पण तेल किंवा रंगीत द्रव आत शिरला तर डाग पडू शकतो. आणि आपल्याकडे खडा बोटात घालण्याआधी शुद्धीसाठी कच्च्या दुधात आणि गंगाजलात बुडवून ठेवायची पद्धत आहे. हिऱ्याला, माणकाला त्याने काही होत नाही. ओपल मात्र बाहेर निघतो तो रंग हरवून. मग शुक्रवारी सकाळी सराफाकडे फोन जातो, की खोटा खडा दिलात. जाणता सराफ घाबरत नाही. अंगठी कोरड्या फडक्यावर ठेवा, उन्हात नको, दोन दिवसांनी बघा, असं सांगून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.